तीन एकर काळी, पाच एकर खारपाणातली की सात एकर बरड?

पुतण्या पुण्याची नोकरी सोडून गावी आला, तो शेतीच करायची असं ठरवून. हिश्शाला आलेलं वावर तुटपुंजं, म्हणून साठवलेल्या पैशातून थोडी जमीन घ्यायची होती. आठवडाभर दलालांबरोबर हिंडला आणि एका संध्याकाळी ओसरीवर येऊन बसला. "काका, रक्कम एवढीच आहे. यात तीन एकर काळी येते, पाच एकर खारपाणातली येते, नाहीतर सात एकर बरड. कोणती घेऊ?"

आमच्या मूर्तिजापूरकडे हा प्रश्न कुणालाही पडू शकतो. दक्षिणेला कारंजा-बार्शीटाकळीच्या अंगाने चढत गेलं की माती पातळ होत जाते आणि नांगराला मुरूम लागतो, ती बरड. उत्तरेला दर्यापूरकडून पूर्णेच्या दिशेने उतरलं की माती खोल आणि काळी होत जाते, पण विहिरीचं पाणी इतकं खारं की तोंडात धरवत नाही, तो खारपाण. या दोहोंच्या मधे चांगल्या काळ्या वावरांचा पट्टा आहे. तासा-दीड तासाच्या फेरीत तिन्ही बघून होतात.

मी त्याला म्हटलं, जमिनीचा भाव तिच्या गुणावर ठरतो, पण घेणाऱ्याने दोष बघावा. दोष तिन्हींत आहे. त्यातला कोणता तुझ्या हाताने, तुझ्या खिशातून आणि तुझ्या हयातीत दुरुस्त होईल, एवढंच शोधायचं. मग आम्ही कुदळ, पावडं आणि मोजपट्टी घेऊन निघालो. त्या फेऱ्यांतून जे बोलणं झालं ते इथे मांडतो आहे, कारण मक्त्याने (भाड्याने) वावर करणाऱ्यालाही ते तितकंच लागू पडतं.

आधी एक लक्षात घ्या. या जमिनींचा मूळ खडक एकच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसॉल्ट झिजला, बारीक माती पाण्याबरोबर खाली गेली आणि भरड माती वरच राहिली. म्हणून चढावर बरड आणि सखल भागात काळी. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे खडकच वेगळा, पीक धानाचं आणि मातीची नावंही वेगळी: कन्हार, मोरांड, सिहार, बरडी. तिकडच्या वाचकांना इथला हिशेब जसाच्या तसा लावता येणार नाही.

बरड: दोष दिसतो, पण भरून निघत नाही

सात एकर म्हटल्यावर पुतण्याचे डोळे चमकले होते. वावर छान दिसत होतं, उतारावर पळस आणि बोरी, धुऱ्यावर (बांधावर) कुसळी गवत. कुदळ मारली. नऊ इंचांवर ठण्ण आवाज आला. दहा पावलं वर सरकून मारली, तर सहा इंचांवरच मुरूम.

हे नऊ इंच म्हणजे पाण्याच्या हिशेबात किती? खोल काळी माती एक मीटर जाडीत साधारण २०० मिलिमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवते. बरडीत खडे जास्त आणि चिकणमाती कमी, त्यामुळे नऊ इंचांत २५-३० मिलिमीटर धरलं तरी पुष्कळ. फुलावर-शेंगेवर आलेलं सोयाबीन दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी ओढतं. म्हणजे पावसाने दडी मारली की सहाव्या-सातव्या दिवशी पीक माना टाकतं. आमच्या भागात वर्षाला ७५० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा वाईट नाही, पण ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवसांचा खंड पडणं नवं नाही. बरडीवरचा शेतकरी दरवर्षी त्या पंधरा दिवसांशी जुगार खेळतो.

वरून ही माती धुपतही असते. वाळवंटीकरण म्हटलं की आपल्याला राजस्थानची वाळू आठवते. इस्रोने २०२१ साली काढलेल्या नकाशासंग्रहात देशातली ९.७८ कोटी हेक्टर, म्हणजे २९.७७ टक्के जमीन अवनत झालेली दाखवली आहे आणि त्यात सर्वांत मोठा वाटा पाण्याने होणाऱ्या धुपीचा आहे. वाळूचा नंबर नंतर. देशात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६.४ टन माती वाहून जाते असा अंदाज १९८३ सालापासून वापरात आहे. हे आकडे कागदावर कळत नाहीत, म्हणून वावरात आणून बघू. एका एकरावरून एक मिलिमीटर थर गेला, नखाच्या जाडीएवढा, तर जवळजवळ दीड ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती गेली. कुणी रात्री येऊन वावरातून दीड ब्रास माती ट्रॉलीत भरून नेली असती तर आपण पोलिसात गेलो असतो. नऊ इंच मातीत असे थर फक्त सव्वादोनशे असतात.

"तलावाचा गाळ टाकला तर?" पुतण्याने विचारलं. विचार चांगला आहे. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजनाही आहे. पण हिशेब करा. एकरभर दोन इंच गाळ पसरायला ७० ब्रास लागतो. ट्रॉलीत एक ब्रास धरला तर ७० ट्रॉल्या, आणि सात एकराला ४९०. त्या दोन इंचांनी पाणी धरण्याची ताकद वाढते दहा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पावसाच्या खंडात पीक आणखी दोन दिवस तग धरतं. गाळात अन्नद्रव्यं असतात, पिकाला दोन-तीन वर्षं त्याचा चांगला उठाव मिळतो, हे खरं. पण तलाव वावराला लागून असेल तरच हा खर्च झेपतो. आणि वरचे धुरे घातले नसतील तर दोन-चार जोरदार पावसांत हाच गाळ परत नाल्यात जातो.

बरडीत पिकतच नाही असं नाही. सीताफळ, आवळा, बोर, चारा, शेळ्या, धुऱ्यावर बांबू यांवर घर चालवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी जमिनीला पराटी, म्हणजे कपाशी, मागितली नाही. ज्याला सोयाबीन-तूर-कपाशीच करायची आहे, त्याने सात एकरांच्या आकड्याला भुलू नये.

काळी: तिचा दोष बहुतेक वेळा आपला असतो

मधल्या पट्ट्यातल्या वावरात खड्डा अडीच फूट गेला, खाली पिवळसर मुरूम लागला. मी थांबलो. मला हेच हवं होतं. लोक पाच-सहा फूट काळी शोधतात, पण माझं मत वेगळं आहे. दोन ते तीन फूट माती, हलका उतार आणि खाली पाणी मुरू देणारा मुरूम, याहून चांगली कोरडवाहू जमीन विदर्भात नाही. अडीच फुटांत दीडशे मिलिमीटर पाणी मावतं. म्हणजे महिनाभराचा खंड पडला तरी कपाशी आणि तूर उभी राहतात, आणि जास्त झालेलं पाणी खालून निघूनही जातं.

खोल काळीचा स्वभाव वेगळा. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. वैशाखात भेगा अशा पडतात की बैलाचा पाय अडकावा. पहिला पाऊस त्या भेगांतून धो धो आत जातो. एकदा माती फुगून भेगा मिटल्या की मात्र तासाला एखादा मिलिमीटर पाणी मुरायचीही मारामार. जुलैत चार दिवस झड लागली की वावर चिबडतं, तूर पिवळी पडून मरते, तण माजतं आणि डवरा (कोळपं) घालायला आठ-आठ दिवस वाफसा येत नाही. पांदण रस्ता काळ्या मातीचा असेल तर सोयाबीनच्या गंज्या वावरातच अडकतात. म्हणून काळी घेताना पांदण पावसाळ्यात बघा. उन्हाळ्यात सगळेच रस्ते चांगले असतात.

काळी बिघडते ती तिच्या मालकामुळे. गोठे रिकामे झाले, शेणखत थांबलं, पराट्या पेटवून दिल्या, दरवर्षी सोयाबीनवर हरभरा आणि तेच रोटाव्हेटर. पाच-सहा इंचांखाली माती दाबली जाऊन घट्ट थर तयार होतो. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांखाली गेला की माती परीक्षणाच्या कागदावर 'कमी' असा शेरा येतो, आणि आमच्याकडच्या बहुतेक कागदांवर मी तोच शेरा पाहिला आहे. त्यात ट्रॅक्टर फिरायला अडचण नको म्हणून आडवे धुरे मोडले आणि उतारानेच पेरणी सुरू झाली. ज्या वावरात आमच्या आजोबांच्या वेळी नाली नव्हती, तिथे आज माणूस उभा मावेल एवढी घळ आहे.

पण यातलं सगळं उलटवता येतं. उताराला आडवी पेरणी, बीबीएफ यंत्राने रुंद वरंबा आणि सरी, दर चार-सहा ओळींनंतर डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी बांधून काढलेली सरी, पराटी न जाळता तिचा बारीक भुगा करून वावरातच घालणं. यातल्या कशालाही कर्ज काढावं लागत नाही. तीन वर्षांत मातीचा वास बदलतो. हे मी स्वतःच्या वावरात अनुभवलं आहे.

खारपाण: दोष दिसत नाही, म्हणून जपून

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त माणसं इथेच फसतात आणि सर्वांत जास्त गैरसमजही इथलेच आहेत.

अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरला आहे. शेकडो गावं त्यात येतात. बघणाऱ्याला वाटतं, यापेक्षा उत्तम जमीन कुठे असणार? सपाट, काळीभोर, खोदत जा तर तळ लागत नाही. 'खार' म्हटल्यावर माणूस पांढरा थर शोधतो आणि तो दिसत नाही, म्हणून निर्धास्त होतो. पांढरे क्षार वर येतात ती खारवट जमीन. पूर्णेकाठची गोष्ट बरीचशी चोपणपणाची आहे. तिथे मीठ वर दिसत नाही, सोडियम चिकणमातीच्या कणाला आतून चिकटलेला असतो.

तो येतो कुठून? नागपूरला १९७६ पासून असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या मातीवर बरंच काम केलं आहे आणि त्यांचं म्हणणं शेतकऱ्याला सहज पटेल असं आहे. कमी पाऊस आणि कडक ऊन असलं की मातीतल्या पाण्यातला कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने बसतो. तुमच्या-आमच्या वावरातले चुनखडीचे खडे ते हेच. कॅल्शियम असा अडकून पडला की कणावरची जागा सोडियम घेतो. कॅल्शियम कणांना एकत्र धरतो, सोडियम त्यांना सुटं करतो. सुटे झालेले कण ओलसर मातीतली बारीक छिद्रं बुजवतात आणि पाणी ना खाली जातं, ना मुळांना मिळतं. हे आपोआप, हळूहळू, आजही चालू आहे. म्हणून फूट-दीड फुटावरच चुनखडीच्या गाठींचा दाट थर लागला तर सावध व्हावं. लिंबू पिळून बघा, गाठीवर बारीक बुडबुडे येतात.

आमच्या वडिलांनी अशा वावरात बोअर घेतला होता. पाणी लागलं, घरात पेढे वाटले. पहिल्या वर्षी हरभऱ्याला दोन पाणी दिली आणि पीक असं आलं की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. दुसऱ्या वर्षी बरं. तिसऱ्या वर्षी ओलितानंतर तीन दिवस पाणी वर तसंच उभं राहिलं. उतरलं तेव्हा माती मेणासारखी चकाकत होती, आणि वाळल्यावर तिच्यावर असा पापुद्रा धरला की हरभऱ्याचे कोंब खाली वाकून कुजले. वखर घातला तर ढेकळं दगडासारखी निघाली. मी तेव्हा शाळेत होतो. वडील एक ढेकूळ हातात घेऊन कितीतरी वेळ धुऱ्यावर बसून होते. ते पाणी आधी तपासून घ्या, असं कुणी सांगितलं असतं तर ते वावर वाचलं असतं. तेव्हा आम्हाला ते कुणी सांगितलं नाही, म्हणून आज मी भेटेल त्याला सांगतो. खारपाणातल्या बोअरच्या पाण्याने ओलीत करू नका. एक वर्ष चांगलं पिकलं तरीही करू नका.

मग ही जमीन घ्यायचीच नाही का? तसं मुळीच नाही. जुनी माणसं इथे खरिपात मूग घेत किंवा वावर पडीत ठेवत, आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीत हरभरा पेरत. दर्यापूरकडचा मूग आणि हरभरा उगाच नावाजलेला नाही. जमिनीला पाण्याचा राग नाही, खाऱ्या पाण्याचा आहे. पावसाचं पाणी तिला औषधच आहे.

म्हणून इथे शेततळं. चोपण माती पाणी मुरू देत नाही हा तिचा दोष तळ्यात गुण होतो, प्लास्टिकच्या अस्तराची सहसा गरज पडत नाही. ३० बाय ३० मीटर लांबी-रुंदीच्या आणि तीन मीटर खोल तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. नोव्हेंबरपर्यंत बाष्पीभवनात आणि इतर गळतीत निम्मं गेलं असं धरा. उरलेल्या ११ लाख लिटरमध्ये पाच एकर हरभऱ्याला तुषार सिंचनाने ५० मिलिमीटरचं एक पाणी बसतं. फुलोऱ्याआधीचं ते एक पाणीच हरभऱ्याला पुष्कळ होतं. तळं नऊ गुंठे जागा खातं, काठाची माती धरली तर आणखी थोडी. पाच एकरांत ती सोसते, तीन एकरांत जीवावर येते.

सोबत जिप्सम. त्यातला कॅल्शियम सोडियमला कणावरून ढकलतो आणि पावसाचं पाणी त्याला खाली नेतं. मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवावी. पूर्णा खोऱ्यातल्या प्रयोगांत हेक्टरी २.५ टन, म्हणजे एकरी टनभर, वापरलेलं आढळतं. ते पावसाआधी मातीत मिसळायचं आणि पाणी बाहेर निघायला चर ठेवायचे. निचऱ्याची वाट नसेल तर जिप्समचा पैसा वाया. ताग किंवा धैंचा गाडल्यानेही फरक पडतो.

एक गोष्ट शेताबाहेरची. इथे राहायला जाणार असाल तर घरातल्या बायकांना विचारून जा. प्यायचं पाणी नळयोजनेवर अवलंबून असतं. अकोटकडे ८४ खेड्यांची योजना उभी राहिली ती याच कारणाने. नळ आठ दिवस आला नाही की हंडा डोक्यावर येतो, आणि तो कुणाच्या डोक्यावर येतो हे आपल्याला माहीत आहे.

तीन पेले

ओसरीवर आम्ही तीन काचेचे पेले मांडले. प्रत्येक वावरातलं अडीच फुटांवरचं (बरडीतलं अर्थात वरचंच) बोराएवढं वाळलेलं ढेकूळ घेतलं. पाणी पावसाचं किंवा बॅटरीत घालतात ते. बोअरचं चालत नाही, त्यातले क्षार मातीचा खरा स्वभाव झाकतात. ढेकूळ हलकेच सोडायचं आणि ढवळायचं नाही.

बरडीचं ढेकूळ बघता बघता विरघळलं, तळाशी रेव बसली आणि वर पाणी स्वच्छ. मधल्या काळीचं ढेकूळ फुटलं, पाकळ्यांसारखे तुकडे झाले, पण पाणी नितळ राहिलं. खारपाणातल्या ढेकळाभोवती तासाभरात दुधाळ वलय उठलं. सकाळी पेला चहासारखा गढूळ होता. पुतण्या पेला उजेडात धरून म्हणाला, "काका, वरून तर हीच सगळ्यांत भारी दिसत होती."

हा पेला प्रयोगशाळेची जागा घेत नाही. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण मानतात. हे आकडे कागदावरच कळतात. नमुना देताना फक्त वरची सहा इंच माती देऊ नका, दोन फुटांवरचाही वेगळा द्या. चोपणपणा बहुधा खालीच लपलेला असतो.

आता घेणाऱ्याकडे बघू

हाती फक्त जमिनीपुरता पैसा, विहीर नाही, दोन वर्षं घर याच शेतीवर चालवायचं: तीन एकर काळी घ्या, अडीच फुटांची. पहिल्या हंगामापासून ती हात देते.

जमीन घेऊन तळ्या-जिप्समला पैसा उरतो, तीन-चार वर्षं थांबायची तयारी आहे आणि हरभऱ्यावर भरवसा आहे: खारपाणातली पाच एकर. मी तरुण असतो आणि डोक्यावर कर्ज नसतं तर कदाचित हीच घेतली असती.

शेळ्या, फळझाडं, चारा हेच करायचंय किंवा तलाव धुऱ्याला लागून आहे: बरड. संत्र्यासाठी मात्र नको, आणि चुनखडीची काळीही नको. संत्र्याला मीटरभर निचऱ्याची माती हवी, शिवाय बाग जगवण्यापुरतं पाणी. वरूड-मोर्शीकडे भूजल किती उपसलं गेलं हे सगळ्यांसमोर आहे.

मक्त्याने करणाऱ्यांसाठी वेगळं. एकसाली मक्त्यावर जिप्सम, गाळ, शेणखत यात पैसा घालू नका, पुढच्या वर्षी मालक दुसऱ्याला देतो. तीन ते पाच वर्षांचं लिहून मिळत असेल तर खारपाणातलं वावर कमी मक्त्यात परवडतं. बरडीचा मक्ता काळीच्या जवळपास मागत असतील तर सरळ उठून या.

सातबाऱ्यावर माती लिहिलेली नसते. पोटखराब किती ते कळतं, खोली कळत नाही. एकाच गटात वरचं टोक बरड आणि खालचं चोपण असू शकतं, म्हणून वर, मध्ये आणि खाली असे निदान तीन खड्डे घ्या. विकणारा खड्डा घेऊ देत नसेल तर तेच उत्तर समजा.

पुतण्याचं मन तीन एकर काळीवर बसलं आहे. खालच्या कोपऱ्यात एक खड्डा राहिला आहे, कारण तिथे वेडी बाभूळ दाट वाढली आहे आणि मला त्या कोपऱ्याचा भरवसा वाटत नाही. इसार त्याने थांबवून ठेवला आहे. पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिथे जाऊन बघणार आहोत, पाणी कुठे साचतं ते.